खोक्यावरचं नाव आणि आतलं टेक्निकल



काल सकाळी सोयाबीनला फवारणी होती. फुलोऱ्याला अजून आठ-दहा दिवस आहेत, पण कडेच्या ओळींत चक्रीभुंग्याचे दोन-दोन काप दिसायला लागले, म्हणून वाट बघितली नाही. पंप पाठीवर टाकून तिसऱ्या तासाला लागलो, तर पाणी आणून देणारा पुतण्या बांधावर फोनमध्ये डोकं घालून बसलेला. ड्रम रिकामा. हाक मारली तर म्हणतो, "काका, पाचच मिनिटं. आमच्या ब्रँडचा नवा फोन निघतोय, लाइव्ह चाललंय."

आमच्या ब्रँडचा! दीड एकर फवारून होईस्तोवर हा शब्द डोक्यातून गेला नाही. चुलत्याचं वावर याला "काकाचं" वाटतं आणि कुठल्या तरी कंपनीचा ब्रँड "आमचा" वाटतो.

संध्याकाळी त्याचा ग्रुप बघितला. अमक्या कंपनीच्या चाहत्यांचा. आजूबाजूच्या गावांतली चाळीस-पन्नास पोरं. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, प्रोसेसरचा स्कोअर किती, चार्जिंग किती वॅटचं, आणि दुसऱ्या कंपनीच्या चाहत्यांना शिव्या. बैलपोळ्याला बैलाच्या शिंगांचा रंग बघून भांडावं आणि दात कुणीच मोजू नयेत, तसला प्रकार.

आता म्हणाल, म्हातारा पोरांच्या मागं लागला. म्हणून आधी माझं पाप सांगतो. मीही भक्त होतो. नोकियाचा.

ज्यांचं वय चाळीसच्या पुढं आहे त्यांना सांगायला नको. २००३ साली नोकिया ११०० आला. वर टॉर्च, धूळ आत जाऊ नये असा सलग कीपॅड, ओल्या हातातून निसटू नये अशी कड. जगभरात पंचवीस कोटींच्या वर विकला गेला. रात्री लाइट आली की त्याच टॉर्चवर मी मोटार चालू करायला जायचो. एकदा दंडात पडला, पुसून उन्हात ठेवला, दुपारी चालू. कुणी दुसऱ्या कंपनीचा फोन काढला की मी हसायचो. पारावर नोकियाच्या बाजूनं मी जेवढा भांडलोय तेवढा बांधासाठीही भांडलो नसेन.

त्या प्रेमाला कारण होतं, हे कबूल. तो फोन कुणीतरी आपल्यासारख्याचा विचार करून बनवला होता. २००९ मध्ये याच कंपनीनं 'नोकिया लाइफ टूल्स' नावाची सेवा भारतात आणली. बाजारभाव, हवामान, पिकाचा सल्ला, सगळं साध्या फोनवर मेसेजनं. देशभर नेण्याआधी तिची चाचणी आपल्याच महाराष्ट्रात झाली होती. आज नोकियाची आठवण काढणारे सापाच्या गेमची आठवण काढतात. या सेवेची कुणी काढत नाही. २०१३ मध्ये ती बंद झाली.

आणि मग काय झालं? सप्टेंबर २०१३ मध्ये नोकियानं आपला फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकायचं जाहीर केलं. किंमत पाच अब्ज युरोच्या वर. व्यवहार एप्रिल २०१४ मध्ये पुरा झाला. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला २००६ पासून चालू असलेला कारखाना करांच्या वादामुळे या व्यवहाराबाहेर राहिला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याला कुलूप लागलं. हजारो कामगार घरी गेले. त्यांत खेड्यापाड्यांतून आलेल्या कितीतरी पोरी होत्या. कोट्यवधी भक्त असलेल्या ब्रँडची ही गत. भक्तांना कुणी विचारलं नाही. विचारतंय कशाला!

पुढची गोष्ट जास्त ऐकण्यासारखी आहे. २०१७ मध्ये ३३१० पुन्हा आला, तेव्हा माझ्यासारखे किती जण हरखले. पण तो बनवणारी कंपनी होती एचएमडी ग्लोबल. तिनं नोकियाकडून दहा वर्षांसाठी नाव वापरायचा परवाना घेतला होता. खोक्यावर नाव नोकियाचं, माल एचएमडीचा. यात लपवाछपवी नव्हती, सगळं उघड होतं. वाचलं नाही ते आपण. पुढं २०२४ पासून एचएमडीनं स्वतःच्या नावानंही फोन काढायला सुरुवात केली. आणि मूळ नोकिया काय करते? टॉवरवरची यंत्रं बनवते. म्हणजे तुमच्या खिशात नोकिया नसला तरी गावाबाहेरच्या टॉवरवर असू शकतो. १८६५ साली लाकडाच्या लगद्याची गिरणी म्हणून सुरू झालेल्या या कंपनीनं मधल्या काळात गमबूटसुद्धा विकलेत. कंपनी धंदा बदलते, नाव भाड्यानं देते, कारखाना बंद करते. तो तिचा हक्कच आहे. आपण मात्र त्या नावाला घरदेव समजून बसतो.

आता जरा आपल्या कामाच्या भाषेत.

काल फवारलं त्या बाटलीवर ब्रँडचं नाव मोठ्या अक्षरात आणि खाली बारीक अक्षरात थायामिथोक्झाम १२.६ टक्के अधिक लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ९.५ टक्के, झेड.सी. हेच टेक्निकल किती नावांनी मिळतं ते कृषी केंद्रात जाऊन बघा. वीस वर्षांपूर्वी आपण नावावर औषध घ्यायचो. "ते लाल बाटलीवालं द्या." कृषी सहायक, कृषी विज्ञान केंद्रातले शास्त्रज्ञ घसा कोरडा करून सांगत राहिले, नाव वाचू नका, टेक्निकल वाचा, टक्केवारी वाचा, एक्स्पायरी वाचा, पक्कं बिल घ्या. हळूहळू शिकलो. आज आमच्या गावातला आठवी शिकलेला शेतकरीही बाटली फिरवून मागची बाजू वाचतो.

मग फोनचं खोकं का फिरवत नाही?

फोनलाही टेक्निकल असतं. ॲपलचा आयफोन आणि सॅमसंगचा गॅलेक्सी यांचे चाहते एकमेकांचे वैरी, पण २०१७ च्या आयफोन एक्सपासून आयफोनला सॅमसंगच्या कारखान्यातला पडदा लागत आलाय. कॅमेऱ्याचा सेन्सर सोनीचा, तो कितीतरी कंपन्यांच्या फोनमध्ये. जानेवारी २०२० मध्ये शाओमीनं पोको आता वेगळा, स्वतंत्र ब्रँड म्हणून जाहीर केला. पुढच्याच महिन्यात भारतात पोको एक्स२ आला, तो म्हणजे चीनमध्ये आधीच विकला जात असलेला रेडमी के३०, नवं नाव लावून. एकच टेक्निकल, दोन लेबलं. फोन वाईट होता असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो, की या दोन लेबलांसाठी दोन मित्रांनी अबोला धरायचं कारण नव्हतं.

कुणी म्हणेल, करू द्या पोरांना मजा, तुमचं काय जातं?

माझं काय जातं ते सांगतो. २०२२ चा ऑक्टोबर. चार एकर सोयाबीन कापून वावरात पसरलेलं. गुरुवारी रात्री नऊच्या सुमाराला पाऊस सुरू झाला आणि शुक्रवारी सकाळी पेंड्या पाण्यात. विमा उतरवलेला होता. काढणीनंतरचं नुकसान बहात्तर तासांत कळवायचं, हा नियम. फोन हातात घेतला. तीन वर्षांपूर्वी दिवाळीत घेतलेला, अठ्ठेचाळीस मेगापिक्सेलचा, एका भाच्यानं "मामा, डोळे झाकून घ्या, आमचा ब्रँड आहे" म्हणून घ्यायला लावलेला. कंपनीचं नाव घेत नाही. वर ज्यांची नावं आली त्यांपैकी कुठलीच नाही.

विम्याचं ॲप उघडेना. नवी आवृत्ती मागत होतं, आणि ती या फोनवर चढत नव्हती, कारण कंपनीनं वर्षभरापूर्वीच अपडेट बंद केलेले. टोल फ्री नंबर लावत बसलो तर बॅटरी चाळीस टक्क्यांवरून एकदम शून्य. बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलेलं, आणि तालुक्याच्या सर्व्हिस सेंटरवाल्यानं दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं, "मॉडेल बंद झालं, बॅटरी येत नाही." शनिवार गेला. रविवारी दुपारी तीन वाजता शेजारच्या गड्याच्या साध्याशा फोनवरून फोटो गेले आणि नोंद झाली. बहात्तरपैकी सहासष्ट तास संपले होते.

अठ्ठेचाळीस मेगापिक्सेल काय कामाचे? चार एकराचा घास त्या फोनमुळे जाता जाता राहिला. भाच्याचा ब्रँड त्या रविवारी माझ्या वावरात आला नव्हता.

म्हणून म्हणतो, फोन आता चैनीची वस्तू राहिली नाही. ई-पीक पाहणी फोनवर, विमा फोनवर, केवायसी फोनवर, बाजारभाव फोनवर. विळा, खुरपं, पंप, तसंच हे एक अवजार. अवजाराचं कुणी भक्त होत नाही. धार बघतो, दांडा बघतो, मिस्त्री गावात आहे का ते बघतो. ट्रॅक्टरवरून आपण भांडतो खरं, पण घेताना पार्ट कुठं मिळतात आणि मोडला तर पेरणीत किती दिवस उभा राहील, हे विचारल्याशिवाय बयाणा देत नाही.

चाहत्यांच्या बाजूनंही एक गोष्ट बोलली पाहिजे. त्यांच्यातली काही पोरं खरंच कामाची असतात. अपडेटनंतर बॅटरी का उतरते ते शोधतात, दुसऱ्याला दुरुस्ती शिकवतात, कंपनीनं सोडून दिलेल्या फोनवर लिनिएज ओएस टाकून तो आणखी दोन-तीन वर्षं चालवतात. त्यांना माझा नमस्कार. त्यांना मी भक्त म्हणत नाही, मिस्त्री म्हणतो. माझं भांडण ते फुकट जाहिरात करणाऱ्यांशी आहे. कंपनी बोर्ड लावते त्याचे पैसे देते. ही पोरं स्वतःचा डेटा जाळून बोर्ड लावतात.

आणि जास्त टिकणारा फोन देता येतो, हे आता सिद्ध झालंय. गुगलनं ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगनं जानेवारी २०२४ मध्ये एस२४ ला सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलं. ते महागाचे फोन झाले. पण त्याच वर्षी आलेल्या सॅमसंग ए१६ फाइव्ह-जी या त्यामानानं स्वस्त फोनलाही सहा वर्षांचा शब्द दिला. युरोपात २० जून २०२५ पासून कायदाच आहे. मॉडेलची विक्री थांबल्यावरही निदान पाच वर्षं अपडेट आणि सात वर्षं सुटे भाग द्यावे लागतात. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या यादीत शेतीची अवजारं आणि मोबाइल, दोन्ही शेजारी शेजारी होते. युरोपासारखी सक्ती मात्र आपल्याकडे अजून नाही. चाळीस पोरांच्या ग्रुपनं ती मागितली तर त्या ग्रुपला मी स्वतः चहा पाजीन.

तोवर फोन घेताना एवढं तरी विचारा:

१. अपडेट किती वर्षं, आणि मोजायची कधीपासून? बहुतेक वेळा मोजणी फोन बाजारात आल्यापासून होते, तुम्ही घेतल्यापासून नाही. बियाण्याच्या पिशवीवर चाचणीची तारीख बघतो तसं मॉडेल कधी आलं ते बघा. सेलमध्ये स्वस्त मिळणाऱ्या फोनची निम्मी मुदत संपलेली असू शकते.

२. बॅटरी आणि पडदा बदलायला किती लागतात, आणि तालुक्याला मिळतात का? घेण्याआधी सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा.

३. भर दुपारी उन्हात पडदा दिसतो का? दुकानाच्या एसीत सगळेच चमकतात. बाहेर रस्त्यावर आणून बघा.

४. आयपी पुढचे दोन आकडे काय? पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. पण ती चाचणी साध्या पाण्याची असते. फवाऱ्याच्या औषधाची नसते, हे ध्यानात ठेवा.

५. आपल्या वावराच्या पार कोपऱ्यात रेंज धरतो का? ज्याच्याकडे तो फोन आहे त्याला एक दिवस वावरात बोलवा.

या पाच प्रश्नांत कंपनीचं नाव कुठंही येत नाही.

पुतण्याला काल रात्री हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "काका, तुमचा ११०० अजून कपाटात आहे ना?" आहे. धडपाकाच्या पिशवीत बांधून ठेवलाय. भक्ती सुटत नाही एवढ्या लवकर. पण विम्याची नोंद त्याच्यावरून होत नाही, हे मला कळतं.

आज उघडीप आहे. उरलेलं अडीच एकर फवारायचंय. ड्रम पुतण्यानं सकाळीच भरून ठेवलाय.

तुमचा फोन किती वर्षं चालला आणि शेवटी कशानं गेला, ते खाली लिहा. कंपनीचं नाव नको.