कधी येणारे, कधी जाणारे दुखणे

लेकराला रात्रभर ताप असतो आणि सकाळी दवाखान्यात नेले की अंग गार! डॉक्टर आपल्याकडे बघतात, आपण लेकराकडे बघतो. गाड्यांचेही असेच दुखणे असते. यंदा आमच्या भाच्याच्या गाडीने ते आम्हाला चांगलेच शिकवले.

भाच्याने बचत गटातून आणि पाहुण्यारावळ्यांकडून पैसे उभे करून एक जुनी, चारही चाकांना जोर असलेली मोठी गाडी घेतली. गिअर आपोआप बदलणारी. हिंगोली, कळमनुरी, सेनगावच्या खेड्यांतून लग्नाची भाडी करायची, अडल्यानडल्या पेशंटला नांदेडला पोचवायचे. पावसाळ्यात काळ्या मातीत जिथे दुसरी गाडी रुतते, तिथे ही निघते, म्हणून मागणीही चांगली.

दोन महिन्यांनी दुखणे सुरू झाले. चालता चालता एक धक्का बसे आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकून पडे. इंजिन ओरडते, पण वेग वाढत नाही. किल्ली बंद करून पुन्हा सुरू केली की सगळे ठीक! एका रात्री बाळंतीण घेऊन जाताना वारंगा फाट्याच्या अलीकडे तिने असा दगा दिला. बाळंतीण सुखरूप पोचली, पण भाच्याची झोप उडाली.

शहरातल्या एका गॅरेजने यंत्र लावले, कोड पाहिला आणि सांगितले, "गिअरबॉक्स उतरवावा लागेल. नव्वद हजार." आमची बहीण पाटल्या मोडायला निघाली. आम्ही म्हणालो, "ताई, आठ दिवस थांब."

आम्हाला मिस्त्रीकाम येत नाही. आम्ही आकड्यांचा माणूस. ताळेबंद जुळला नाही तर आम्ही सगळी वही फाडत नाही, फरक कोणत्या पानावर आहे ते शोधतो. भाच्याला शंभर पानी वही दिली. "दुखणे आले की लिही : वेळ, रस्ता, वेग, इंजिन गार की गरम, दिवे आणि एसी चालू होते का."

"मामा, वहीने गाडी दुरुस्त होते का?" तो हसला. पण लिहीत गेला.

आठ दिवसांत सहा नोंदी झाल्या. सहाही वेळा दिवे आणि एसी दोन्ही चालू होते, आणि पाच वेळा रस्ता खड्ड्यांचा होता. दिवसा, एसी बंद असताना, भरलेल्या गाडीने चढ चढतानाही एकदाही नाही. आता विचार करा. आतल्या क्लचच्या चकत्या झिजल्या असत्या तर ओझ्याने आणि चढावर त्या आधी घसरल्या असत्या. दिव्यांशी त्यांचे काय नाते? वही विजेकडे बोट दाखवत होती.

या गिअरबॉक्सला एक छोटा संगणक असतो. सेन्सर त्याला वेगाचे आकडे कळवतात. आकडे जुळेनासे झाले किंवा वीज कमी पडली की तो यंत्र वाचवण्यासाठी एकच गिअर धरून बसतो. याला लिंप मोड म्हणतात, म्हणजे लंगडत का होईना घरी पोचण्याची सोय. किल्ली फिरवली की बऱ्याचदा तो हिशेब नव्याने सुरू करतो, म्हणून दुखणे पळाल्यासारखे वाटते.

ओळखीच्या एका म्हाताऱ्या वायरमन मिस्त्रींकडे वही नेली. त्यांनी आधी गिअरचे तेल पाहिले. लाल, स्वच्छ. तपकिरी आणि जळका वास असता तर आतली झीज, दुधाळ असते तर पाणी शिरलेले. मग बॅटरी मोजली. बंद गाडीत साडेबारा व्होल्ट, चालू गाडीत चौदा. तीही चांगली. मग दिवे, एसी सगळे चालू करून मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे गिअरबॉक्सच्या धातूला लावले. तिथे फार तर पाव व्होल्टाचा फरक चालतो. मीटरने दाखवला पाऊण व्होल्टाहून जास्त, आणि पट्टी हलवली की आकडा नाचू लागला.

गिअरबॉक्सपासून चासीला जाणारी अर्थिंगची पट्टी चिखलाने गंजली होती, बोल्टही सैल होता. नाल्यातून गाडी घातल्याचा हा प्रसाद. नवी पट्टी बसवली, बोल्टाखालचा गंज खरवडला, जोडण्या साफ केल्या. मजुरीसकट सातशे रुपये. त्यानंतर चार महिने झाले, भाच्याच्या वहीत नवी नोंद नाही. पाटल्या बहिणीच्या हातातच आहेत.

वाचक बंधू-भगिनींनो, प्रत्येक वेळी सातशेतच भागेल असे आम्ही म्हणत नाही. तेल जळाले असेल, गाडी घसरत असेल तर खर्च टळत नाही, आणि तशी गाडी रेटू नये. पण यंत्रावरचा कोड म्हणजे तक्रार, निकाल नव्हे. आधी नोंद, मग तेल, मग बॅटरी, अर्थिंग आणि जोडण्या. गिअरबॉक्स उतरवणे सर्वांत शेवटी. मोठा खर्च कोणी सांगितला तर अंदाज लेखी मागा, काढलेला भाग हातात मागा. विचारायला लाजू नका, पैसा आपल्या घामाचा आहे.

आणि घरात वही-पेन्सिल नेहमी ठेवा. तिचा खर्च अगदी थोडा.