वकील दाराबाहेर का?

मोठ्या कंपनीचा वकील म्हटला की आपल्या कपाळाला आठी पडते. कंपनी परदेशी असेल तर विचारूच नका! पण व्यापाराच्या तंट्यात वकिलालाच मज्जाव केला, तर नुकसान नेमके कोणाचे होते? केळ्यांच्या एका खटल्यात याचे उत्तर मिळते.

१९९३ मध्ये युरोपीय समुदायाने केळ्यांच्या आयातीचे नवे नियम केले. त्यांत कॅरिबियन बेटांसारख्या जुन्या वसाहतींच्या मालाला सवलत होती. लॅटिन अमेरिकेतील केळी विकणाऱ्या चिकिटा या अमेरिकन कंपनीला हे जाचक वाटले. जागतिक व्यापार संघटनेत कंपनीला स्वतः दावा लावता येत नाही. तेथे भांडायचे ते सरकारांनी. चिकिटाने आपल्या सरकारकडे धाव घेतली आणि १९९६ साली अमेरिकेसह पाच देशांनी दावा लावला.

केळीच्या बागांवर जगणाऱ्या सेंट लुसिया या लहानशा बेटाने आपली बाजू मांडायला खाजगी वकील नेले. पंचमंडळाने त्यांना बाहेर काढले. आत फक्त सरकारी माणसे चालतील! वरवर पाहता नियम सर्वांना सारखाच. पण अमेरिकेच्या पदरी व्यापाराचा कायदा कोळून प्यालेले सरकारी वकील होते. एवढ्याशा बेटाने ते कोठून आणायचे?

आमच्या घरी कचेरीचा कागद आला की वाचून घेण्यासाठी दुसऱ्याचा उंबरा गाठावा लागे. म्हणून जिनीव्हातला हा प्रश्न मला दूरचा वाटत नाही. ज्याला कागद कळत नाही, त्याच्या शेजारी जाणता माणूस बसू न देणे म्हणजे त्याला मुका करणे होय.

जुलै १९९७ मध्ये अपील मंडळाने आपल्या सुनावणीत या वकिलांना बसू दिले. निकाल युरोपच्या, म्हणजे बेटाच्याही विरुद्ध गेला. तरी पुढच्यांना वाट मोकळी झाली. २००१ मध्ये गरीब देशांना कमी शुल्कात कायद्याची मदत देणारे केंद्र जिनीव्हात निघाले.

कोणी म्हणेल, मग बड्या कंपन्या वकिलांची फौज उभी करतील. दार बंद असतानाही त्यांचे कोठे अडत होते? परदेशी कंपनीलाही वकील मिळावाच. न्याय प्रतिपक्षाचाही असतो. आपला आग्रह असावा तो दुबळ्यालाही तेवढ्याच तयारीचा वकील मिळण्याचा. नुसते दार उघडून हे होत नाही. त्याला पैसा लागतो आणि शिकलेली माणसे लागतात.

मित्रांनो, बी.ए. नंतर काय, असे आपण रोज एकमेकांना विचारतो. ज्यांच्या घरी कागद वाचणारे कोणी नव्हते, त्यांनीच हा कायदा शिकायला हवा. वकिलाविना उभ्या राहणाऱ्याची अडचण त्यांना सांगावी लागणार नाही.