वाइसवुर्स्टला प्रोटीन म्हणू नका!

गेल्या महिन्यात भाचा पुण्याहून म्युनिकला माझ्याकडे आला होता. फ्रीजमध्ये वाइसवुर्स्ट, म्हणजे इथलं पांढरं सॉसेज, दिसल्यावर गडी खूश. "मामा, मस्त! प्रोटीन!" सलग तीन दिवस सकाळी दोन-दोन हाणल्या. चौथ्या दिवशी माझं डोकं सटकलं. (ताई, तू हे वाचणारच आहेस. भांडण प्रेमाचंच होतं.)

अरे, पाकिटामागचे आकडे तरी वाच! १०० ग्रॅममध्ये चरबी साधारण २५ ग्रॅम, प्रथिनं १२ च्या आसपास. म्हणजे दर पाच कॅलरींतल्या चार चरबीच्या. मीठ वेगळंच. ह्याला प्रोटीन म्हणायचं तर मग श्रीखंडालाही म्हणा. साहेबांचा युक्तिवाद काय, तर ह्यात नायट्राइट नसतं. खरंय, म्हणून तर ती गुलाबी न होता पांढरी राहते. पण त्याने चरबी कुठे जाते? बाबांची अँजिओप्लास्टी होऊन अजून दोन वर्षं नाही झाली, आणि हा रोज सकाळी डुकराची चरबी खाऊन वर दंड दाखवतो.

दुसरी जमात आमच्या ऑफिसात आहे. ती टर्कीची 'हलकी' वाइसवुर्स्ट आणते आणि वर केचप ओतते. देवा! वासराचं मांस, डुकराची चरबी आणि बर्फ एकत्र अगदी बारीक फेटतात, त्यातून तो लुसलुशीतपणा येतो. मग पार्सली, लिंबाची साल, जायपत्री. हो, आपल्या मसाल्याच्या डब्यातलीच जायपत्री! चरबी काढलीत की उरतं रबर.

जुन्या लोकांना हे कळत होतं. ही दुपारच्या बाराच्या घंटा ऐकता कामा नये, असं म्हणायचे. फ्रीज नव्हते आणि ही धुरावलेली नसते, त्यामुळे लगेच खराब व्हायची. आता ते कारण उरलं नाही, पण मला नियम आवडतो. सुट्टीची सकाळ, गरम (उकळत्या नव्हे, नाहीतर फुटते) पाण्यातून काढलेली एक जोडी, साल सोलून, गोड मोहरी आणि ब्रेत्सेलबरोबर. मग महिनाभर नाव काढायचं नाही.

शेवटच्या रविवारी भाच्याला तशी बसून खायला लावली. साल सोलायला शिकला, मोहरी दोनदा मागून घेतली. वाटलं, पटलं.

काल त्याचा मेसेज आला : "मामा, इथे चिकनची सॉसेजेस मिळतात. ती रोज चालतील ना?"