पथ्याला सोबत हवी

पथ्यापथ्याचा छापील कागद रुग्णाच्या हाती दिला की आपले कर्तव्य पूर्ण झाले, अशी समजूत आपल्या व्यवसायात रूढ झाली आहे. औषधाची मात्रा, काल आणि अनुपान यांविषयी आपण जेवढे दक्ष असतो, तेवढे दक्ष आपण दिलेले पथ्य घरी पाळले जाते की नाही याविषयी नसतो. पुढील भेटीत रुग्ण ‘पथ्य चालू आहे’ असे सांगतो आणि आपण ते मान्य करतो. प्रत्यक्षात त्या कागदाचा पराभव कार्यालयातील वाढदिवसाच्या केकपुढे, लग्नाच्या पंगतीतील आग्रहापुढे आणि रात्री उशिराच्या जेवणापुढे केव्हाच झालेला असतो. यात रुग्णाचा निश्चय कमी पडतो असे म्हणणे सोपे आहे. परंतु तो एकटा पडतो, हे म्हणणे अधिक खरे आहे, असे आम्हांस वाटते.

आपल्या शास्त्राने चिकित्सेचे चार पाद मानले. वैद्य आणि द्रव्य यांच्याबरोबर उपस्थाता आणि रुग्ण हेही त्यात आले. उपस्थात्याच्या गुणांत चरकाचार्यांनी दक्षता आणि शुचिता यांच्या जोडीला रुग्णाविषयीचा अनुराग गणला आहे. आजच्या बाह्यरुग्ण विभागात हा तिसरा पाद जवळजवळ नाहीसा झाला आहे. प्रमेहासारख्या व्याधीत ही उणीव विशेष जाणवते. कारण तेथे सुखासीनता, दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ असे निदान रोजच्या जगण्यातच दडलेले असते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पाहिले, तर देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असून आणखी सुमारे १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या जनांना एकेकट्याने पथ्य समजावीत बसणे कोणाही वैद्याच्या आवाक्यातले नाही.

सामूहिक संयम आपल्या समाजाला नवा नाही. कांदेनवमीला कांद्याचे पदार्थ करून खाणारी आणि पुढे चातुर्मासभर कांदा, लसूण, वांगे वर्ज्य करणारी घरे आजही आहेत. चार महिन्यांचा हा नियम पाळला जातो, कारण तो घरातल्या सर्वांचा असतो, शेजाऱ्यांचाही असतो आणि यजमानांस तो अगोदरच ठाऊक असतो. जे श्रद्धेच्या बळावर घडते, ते आरोग्यासाठी समदुःखी लोकांच्या सोबतीने घडविता येईल काय, असा आमचा प्रश्न आहे.

या दिशेने केरळात एक गंभीर प्रयत्न झाला. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील नेय्याट्टिनकरा तालुक्यात ६० मतदान क्षेत्रांतील १,००७ व्यक्ती त्यात होत्या. सर्वांना मधुमेहाचा धोका अधिक होता. निम्म्या क्षेत्रांत प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य नागरिकांनी वर्षभरात १५ गटबैठका चालविल्या. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनंतर मधुमेह जडलेल्यांचे प्रमाण गटांमध्ये १४.९ टक्के, तर इतरांत १७.१ टक्के आढळले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मात्र फळे व भाज्यांचे सेवन वाढले, मद्यपान घटले. म्हणजे सोबतीने व्याधी निश्चित टळते असे सिद्ध झाले नाही. पण सोबतीने ताट बदलते, हे दिसले. आपला आग्रह तेवढ्यापुरताच असावा.

व्यवहारात हे कठीण नाही. एकाच वस्तीतील आठ-दहा रुग्णांचा गट करावा. पंधरवड्यातून एकदा तासभर त्यांनी भेटावे. वैद्याने आरंभी मार्गदर्शन करून बाजूला बसावे आणि बोलू द्यावे ते रुग्णांना. चहातील साखर कशी सुटली, दुपारी वडापावऐवजी काय नेता येते, ज्वारीची किंवा जवाची भाकरी मुलांच्या गळी कशी उतरविली, हे आपल्यापेक्षा त्यांनाच अधिक ठाऊक असते. एका वेळी एकच बदल आणि तोही क्रमाक्रमाने, हा चरकोक्त पादांशिक क्रम येथे फार उपयोगी पडतो. रुग्णाबरोबर घरात स्वयंपाक करणारी व्यक्तीही बैठकीस यावी. पुरुषाचे पथ्य बहुधा गृहिणीच्या श्रमावर उभे असते आणि ती स्वतः मात्र शेवटी, उरलेले जेवते. तिच्याही ताटाचा विचार तेथेच व्हावा.

मर्यादाही स्पष्ट हव्यात. प्रकृती, अग्नी, देश आणि काल यांनुसार एकाचे पथ्य दुसऱ्याचे अपथ्य ठरू शकते. म्हणून गटाने एकमेकांस धीर द्यावा, चिकित्सा देऊ नये. ‘मला गुण आला, तूही गोळ्या सोड’ हा सल्ला घातक आहे. इन्सुलिन वा साखर उतरविणारी औषधे घेणाऱ्याने गटाच्या उत्साहात उपवास केल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. असे बदल त्याच्या चिकित्सकाच्या संमतीनेच व्हावेत.

औषधालयांच्या मालकांस आमचे विशेष सांगणे आहे. अशा बैठकीस जागा द्यावयास आपल्याइतके सोयीचे कोणी नाही. पण त्या जागेत त्या वेळी विक्री होता कामा नये. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने मनाई आहेच. त्याहून मोठी गोष्ट विश्वासाची आहे. गट म्हणजे चूर्णांचे गिऱ्हाईक असे एकदा रुग्णांस वाटले, की ते पुन्हा येणार नाहीत आणि त्यांच्याबरोबर आपल्या शास्त्राची पतही जाईल.

प्रत्येक व्यावसायिकाने येत्या तिमाहीत निदान एक गट उभा करावा, आरंभी व तीन महिन्यांनी प्रत्येकाचे वजन, कटिमान आणि रक्तशर्करा यांची नोंद ठेवावी आणि आलेला अनुभव, अपयशासह, या अंकाकडे पाठवावा. द्रव्याची चर्चा आपण पुष्कळ केली. आता उपस्थात्याची करू या.