निसटलेल्या चुकीचा निरोप

मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्री दोन वाजता जखमी रुग्ण येतो. त्याचा सीटी स्कॅन होतो आणि प्राथमिक अहवाल बहुधा क्ष-किरणशास्त्राचा निवासी डॉक्टर लिहितो. सकाळी वरिष्ठ प्राध्यापक ती चित्रे पुन्हा पाहतात, आवश्यक ती दुरुस्ती करतात आणि अंतिम अहवाल रवाना होतो. परंतु मणक्यातील जी बारीक चीर त्या विद्यार्थ्याच्या नजरेतून निसटली, ती निसटली हे त्याला कोण सांगणार? रात्रपाळी संपवून तो केव्हाच खोलीवर परतलेला असतो. न कळलेली चूक पुन्हा घडते. आणि त्या वेळी ती सावरायला वरिष्ठ पाठीशी असतीलच, असे नाही.

ही उणीव भरून काढणे आज अवघड राहिलेले नाही. जिथे अहवाल संगणकावर लिहिले जातात, तिथे दोन्ही मसुदे जतन करता येतात. संगणकप्रणाली ते शेजारीशेजारी मांडते, बदललेला मजकूर ठळक करते आणि मूळ लेखकाकडे धाडते. चित्र पुन्हा उघडून त्याला आपली चूक नेमक्या जागी पाहता येते. अमेरिकेतील काही विद्यापीठ-रुग्णालयांनी अशा प्रणाली स्वतःच घडवल्या.

मात्र तिथला दुसरा अनुभवही ध्यानी घ्यावा. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने २००२ मध्ये 'रॅडपीअर' ही पद्धत सुरू केली. एका तज्ज्ञाच्या अहवालाला दुसऱ्याने गुण द्यायचे, अशी तिची रचना. गुणांच्या धास्तीने शिकणे मागे पडते, अशी टीका पुढे होऊ लागली. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी निदानातील चुकांविषयी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातही, दोषारोपापेक्षा चुकांतून शिकण्याच्या संस्कृतीवर भर आहे.

आपल्याकडे हा विषय अधिक निकडीचा आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांनुसार पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा निवासी कार्यक्रमात काढावे लागतात. आपल्या विभागापासून दूर असलेल्या त्या विद्यार्थ्यापर्यंत त्याने लिहिलेल्या अहवालांची दुरुस्ती पोहोचवायची, तर असे साधन हवेच. नोंदवहीत किती तपासण्या केल्या हे भरले जाते. कुठे चुकलो, याचीही नोंद व्हायला हवी.

अर्थात, यंत्राला शब्दाची डागडुजी आणि हुकलेले निदान सारखेच दिसते. त्यांतला भेद अध्यापकानेच करायचा आहे. काय बदलले हे यंत्र दाखवील. का बदलले हे गुरूच सांगू शकतो. म्हणून अशी प्रणाली बसवणाऱ्या प्रत्येक विभागाने आठवड्यातून एक तास नावे न घेता या चुकांच्या चर्चेसाठी राखावा आणि त्या नोंदी परीक्षेच्या गुणांपासून कटाक्षाने दूर ठेवाव्यात. आज जो विद्यार्थी आपली चूक निर्भयपणे पाहायला शिकेल, तोच उद्या एखाद्या तालुक्याच्या गावी एकट्याने अहवाल लिहिणार आहे. त्या अहवालावर विसंबणारा रुग्ण आपल्याच घरातला असू शकतो.