प्लास्टिकचं विमान आणि वेल्डरचा हात

आमच्या शाळेतल्या मुलांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, १९८९ च्या दहावीच्या बॅचचा. गेल्या महिन्यात कुणीतरी त्यावर एका खोक्याचा फोटो टाकला. एअरफिक्स कंपनीचं स्पिटफायर विमान, सुटे भाग जोडून बनवायचं. अर्ध्या तासात चाळीस मेसेज आले. ‘काय दिवस होते!’, ‘माझ्याकडे जहाज होतं’, ‘अब्बांनी दुबईहून आणलं होतं’. आणि मग ठरलेलं वळण: ‘आजच्या पोरांना मोबाईल सोडून काही सुचत नाही’, ‘संयमच उरला नाही’. मीही तसंच काहीतरी टाइप केलं आणि पाठवण्याआधी पुसून टाकलं. का पुसलं, ते सांगण्यासाठी हा लेख.

आमचं गाव रायगड जिल्ह्यात, खाडीच्या काठावर. १९७०-८० च्या दशकांत आमच्यासारख्या गावांतले अर्धे बाप आखातात होते. माझे अब्बा कुवेतमध्ये वेल्डर होते. दोन वर्षांतून एकदा, दोन महिन्यांसाठी यायचे. एरवी त्यांचा आवाज कॅसेटवर असायचा. गावचा कुणी सुट्टीवर निघाला की त्याच्याबरोबर ते बोलकी कॅसेट पाठवायचे. अम्मी ती टू-इन-वनवर लावायची आणि आम्ही भोवती बसून ऐकायचो.

१९८३ च्या सुट्टीत त्यांनी माझ्यासाठी ते स्पिटफायर आणलं. मी दहा वर्षांचा होतो. खोक्यावर ढगांतून झेपावणारं विमान होतं. खोकं उघडलं तर आत विमान नव्हतंच. फिकट करड्या प्लास्टिकच्या चौकटीत अडकलेले तीस-चाळीस तुकडे, पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांचा एक कागद आणि घडी घातलेली आकृत्यांची सूचना. मी रडलो. मला वाटलं अब्बांना दुकानदाराने फसवलं.

अब्बा सातवी शिकलेले. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. पण त्या कागदावर भागांचे नंबर आणि बाणांच्या आकृत्या होत्या, आणि कामाच्या ठिकाणी नकाशे पाहून पाइप जोडणाऱ्या माणसाला तेवढं पुरेसं होतं. मगरिबनंतर ते कंदिलाजवळ बसले. गावात वीज आली होती, पण संध्याकाळी तिचा भरवसा नसायचा. दाढीच्या ब्लेडने त्यांनी एकेक तुकडा चौकटीतून सोडवला, कापलेल्या जागची गाठ घासून काढली. मी आधीच उतावीळपणे घरातल्या पांढऱ्या गोंदाने दोन तुकडे चिकटवले होते, ते सकाळी हातात वेगवेगळे आले होते. अब्बांनी विमानाबरोबर आणलेली ट्यूब उघडली, वास घेतला, एका तुटक्या टोकावर थेंब लावून बोटाने दाबून पाहिलं आणि म्हणाले, "पोरा, हे चिकटवणं नाय. हे वेल्डिंग हाय."

हे वाक्य मी तेव्हा गंमत म्हणून ऐकलं. पुढे विज्ञान शिकलो तेव्हा कळलं की ते अगदी बरोबर बोलले होते. ही विमानं पॉलिस्टायरीनची असतात. ट्यूबमधल्या द्रवाने दोन्ही कडांचं प्लास्टिक थोडंसं विरघळतं, दोन्ही एकमेकांत मिसळतात, द्रव उडून जातो आणि सांधा एकजीव होतो. गोंद दोन वस्तूंच्या मध्ये तिसरी वस्तू म्हणून राहतो. इथे तसं काही राहत नाही. जे लोखंडाचं उष्णतेने होतं, ते इथे रसायनाने होतं. सातवी शिकलेल्या माणसाने ते एका थेंबात ओळखलं, कारण त्याच्या हाताला सांधा म्हणजे काय हे ठाऊक होतं.

नऊ संध्याकाळी लागल्या. विमान तयार झालं ते खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचं. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जेमतेम साडेपंधरा सेंटिमीटर, एका वितीतही सहज मावणारं. रंग नव्हते, म्हणून ते करडंच राहिलं. अब्बांनी नायलॉनच्या दोऱ्याने ते ओटीवरच्या वाशाला टांगलं. शेजारचे चाचा बघायला आले आणि म्हणाले, "हे तर आपल्या गव्हर्नर साहेबांचं विमान!" त्या वेळी महाराष्ट्राचे राज्यपाल एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ होते. दुसऱ्या महायुद्धात प्रशिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलेल्या मोजक्या भारतीय वैमानिकांपैकी ते एक. तिथे त्यांनी हरिकेन आणि स्पिटफायर उडवली. फाळणीच्या वेळी त्यांनी भारतात राहायचं ठरवलं आणि १९७८ ते १९८१ या काळात ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते. चाचांना हे सगळं माहीत होतं, कारण आमच्या मोहल्ल्यात लतीफ साहेबांचं नाव घरातल्या माणसासारखं घेतलं जायचं. त्या दिवसापासून ओटीवरच्या त्या करड्या विमानाची इज्जत वाढली.

आता मोठेपणी या कंपनीचा इतिहास वाचला तेव्हा आणखी एक गोष्ट आवडली. १९३९ मध्ये लंडनला ती सुरू करणारा निकोलस कोव्ह हंगेरीहून आलेला ज्यू स्थलांतरित होता. आधी हवा भरायची रबरी खेळणी, युद्धानंतर मोल्डिंगच्या यंत्रावर कंगवे, असं करत त्याने पोट भरलं. १९४९ मध्ये फर्ग्युसन कंपनीने तिच्या ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती जाहिरातीसाठी बनवून मागितली आणि तिथून हा प्रकार सुरू झाला. स्पिटफायरचा पहिला संच १९५३ चा. परक्या देशात जाऊन हाताच्या कामावर उभा राहिलेला माणूस आणि परक्या देशात वेल्डिंग करून त्याचं खेळणं मुलासाठी विकत घेणारा माणूस. मला यात काहीतरी नातं दिसतं.

इथवर सगळं ग्रुपवर लिहिण्यासारखंच आहे. पण आठवणीचा दुसरा भागही सांगायला हवा, कारण तो गाळला की आठवण खोटी होते.

पहिली गोष्ट. ते विमान बनवताना माझी आपा तिथेच बसलेली असायची. तेरा वर्षांची. आकृतीतला बाण कुठल्या बाजूने आहे हे तिला माझ्याआधी कळायचं. दोनदा मी चाकाचा तुकडा उलटा धरला, दोन्ही वेळा तिने दुरूनच सांगितलं. पण नऊ संध्याकाळींत एकदाही तिच्या हातात तुकडा दिला गेला नाही. कुणी मनाई केली नव्हती. खोकं मुलासाठी आलं होतं, एवढंच. तिच्यासाठी कापड आलं होतं. अब्बा वाईट बाप नव्हते, पण हे त्यांनाही सुचलं नाही आणि मलाही नाही.

दुसरी गोष्ट. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी असलं खोकं हातात धरलं नव्हतं. ज्यांचे बाप खाडीत मासे मारायचे किंवा बंदरावर हमाली करायचे, ती मुलं आमच्या ओटीवर येऊन विमान बघायची आणि जायची. ‘आमच्या काळी मुलं हाताने काही बनवायची’ असं आपण म्हणतो, तेव्हा तो काळ सगळ्यांचा नव्हता. ज्यांच्या घरी आखाताचा पैसा होता त्यांचा होता.

तिसरी गोष्ट सांगायला मला सर्वात जड जातं. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतमध्ये सैन्य घुसवलं. तिथल्या सुमारे १,७०,००० भारतीयांना सरकारने मायदेशी आणलं, त्यातले बहुतेक जॉर्डनमधल्या अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी. अब्बा त्यात होते. एका बॅगेनिशी आले. हत्यारं, पगाराची थकबाकी, सतरा वर्षांचं बस्तान सगळं तिकडेच राहिलं. वर्षभराने त्यांनी एसटी स्टँडजवळ पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंगचं दुकान टाकलं. खिडक्यांच्या जाळ्या, गेट, बैलगाडीच्या धावा, जे येईल ते.

मी तेव्हा कॉलेजात होतो. मित्रांनी विचारलं की सांगायचो, "अब्बा कुवेतमध्ये असतात." ते स्टँडजवळ गॉगल लावून बसलेले असताना मी हे सांगत होतो. कुवेतमध्ये तेच काम करणारे अब्बा मला चालत होते, कारण तिथे ते ‘फॉरेन’ होतं. गावात तेच काम ‘गॅरेज लाइन’ झालं. मला विमान जोडायला शिकवणारा हात तोच होता, आणि त्याची मला लाज वाटत होती.

ही लाज माझ्या एकट्याची नाही, म्हणून लिहितो आहे. आपल्या घरांत मुलगा अभ्यासात मागे पडला की पहिलं वाक्य काय येतं? "शिकला नाहीस तर गॅरेजमध्ये बसशील." हे म्हणणारे आपण, ज्यांची घरं गॅरेज, फॅब्रिकेशन, शिलाई, यंत्रमाग, प्लंबिंग आणि एसी दुरुस्तीवर उभी आहेत. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातही नोंद आहे की मुस्लिम कामगारांत स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. जुम्म्याच्या बयानात आपण ऐकतो की हजरत दाऊद लोखंडाची चिलखतं बनवायचे, हजरत जकरिया सुतार होते. मान डोलावतो आणि घरी येऊन मुलाला वेल्डरची भीती घालतो. हुनर किताबात असेल तेव्हा इज्जतीचं आणि मोहल्ल्यात असेल तेव्हा कमीपणाचं, हा हिशेब मला आता पटत नाही.

याचा अर्थ मुलांना शाळेतून काढून गॅरेजमध्ये बसवा असा कुणी घेऊ नये. बारा वर्षांचा मुलगा गॅरेजमध्ये पाना धरतो तेव्हा तो खेळत नसतो. त्याने नट चुकीचा आवळला तर कानाखाली बसते, पगार कापला जातो. मी चाक उलटं चिकटवलं तेव्हा अब्बा हसले आणि ब्लेडने ते सोडवलं. फरक कामात नाही. दोघंही तुकडे जोडत असतात. फरक एवढाच की एकाला चुकायची मुभा आहे आणि दुसऱ्याला नाही. ती मुभा म्हणजे बालपण. आपण ज्याच्यासाठी उसासे टाकतो ते प्लास्टिक नाही, ही मुभा आहे. आणि तिच्या जोडीला एका मोठ्या माणसाचा वेळ. दोन वर्षांतल्या साठ संध्याकाळींपैकी नऊ अब्बांनी मला दिल्या होत्या. म्हणूनच ‘आजच्या पोरांना संयम नाही’ हे वाक्य मी पुसलं. मलाही संयम नव्हता. तो अब्बांचा होता, मी उसना घेतला होता. आज आपल्यापैकी किती बाप रोज घरी असूनही ओळीने नऊ संध्याकाळी मुलाजवळ फोन बाजूला ठेवून बसतात?

मागच्या ईदला मी आपाच्या नातीसाठी स्पिटफायर मागवलं. ऑनलाइन. खोकं आलं तेव्हा कडेला छापलेलं वाचलं: ‘मेड इन इंडिया’. गेल्या काही वर्षांत एअरफिक्सचे बरेच संच भारतात बनू लागले आहेत. जी वस्तू अब्बांनी कुवेतहून ट्रंकेत कपड्यांमध्ये जपून आणली होती, ती आता इथेच साच्यातून निघते, पण आमच्या तालुक्याच्या एकाही दुकानात ती दिसत नाही.

ते खोकं आम्ही आपाच्या घरी उघडलं. नात नऊ वर्षांची. आपाने चष्मा लावला, सूचनांचा कागद हातात घेतला आणि मला म्हणाली, "तू तिकडे बस." चाळीस वर्षांनी तिच्या हातात तुकडा आला. नातीने घाईत पंख्याला जास्त द्रव लावला आणि तो कायमचा चिकटून बसला, फिरतच नाही. आपा म्हणाली, राहू दे, जमिनीवर उभं आहे असं समजू.

माझी सूचना छोटी आहे. आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात एखादं वाचनालय, शाळेचा वर्ग किंवा जमातीचा हॉल रविवारी रिकामा असतो. तिथे एक टेबल टाका. महागडे संच नकोत. बंद पडलेला मिक्सर, पुठ्ठा, तुटकं घड्याळ, जुनी सायकल चालेल. मोहल्ल्यातल्या वेल्डरला, शिंप्याला, वायरमनला दोन तासांसाठी उस्ताद म्हणून बोलवा, खुर्ची द्या आणि त्याच्या वेळेचे पैसेही द्या. मुली आणि मुलगे दोघांनाही बसवा. जी मुलं दुकानात कामाला जातात त्यांना आवर्जून आणा, कारण चुकायची मुभा सर्वात जास्त त्यांना हवी आहे. यातून सगळे इंजिनियर होणार नाहीत. पण बापाचं काम सांगताना त्यांची जीभ माझ्यासारखी अडखळणार नाही.

अब्बांना जाऊन बारा वर्षं झाली. त्यांना मी माझ्या त्या खोट्याबद्दल कधी सांगितलं नाही. त्यांना ते माहीत असावं असं मला वाटतं.

ग्रुपवर मी शेवटी एकच प्रश्न लिहिला: तुमच्या घरी ते खोकं आलं तेव्हा कुणाच्या हातात तुकडा दिला गेला नव्हता? दोन दिवस कुणी काही बोललं नाही. मग एकाने लिहिलं, "बहिणीच्या." थोड्या वेळाने दुसऱ्याने लिहिलं, "शेजारच्या पोराच्या. रोज यायचा तो."