बेंटेक्स आणि रोलेक्स

'फर्स्ट कॉपी' हा शब्द मला भारी आवडतो. नक्कलच ती, त्यात पहिली काय नि दुसरी काय? पण बाजाराने तिथेही प्रतवारी लावलीय. साधी कॉपी, फर्स्ट कॉपी, सेव्हन-ए, मास्टर कॉपी आणि सगळ्यात वर 'सुपर क्लोन'. पूर्वी यासाठी मनीष मार्केटात घाम गाळत हिंडावं लागायचं, नाहीतर हाजी अलीच्या हिरा पन्नात घासाघीस करावी लागायची. (अमेरिकन सरकारच्या २०२१ च्या कुप्रसिद्ध बाजारांच्या यादीत हिरा पन्नाचं नाव होतं. कीर्ती साता समुद्रापार!) आता इन्स्टाग्रामवर घड्याळाच्या एका फोटोवर बोट जरा रेंगाळलं की पुढचे पंधरा दिवस नुसते रोलेक्स आणि ओमेगा. किंमत दोन-अडीच हजार, कॅश ऑन डिलिव्हरी, "नो रिटर्न, ओपनिंग व्हिडिओ मस्ट".

परवा टीममधला एक मुलगा अशीच एक लिंक घेऊन आला. ऑनसाइट जायचंय, क्लायंटसमोर मनगट रिकामं नको. म्हणाला, "दादा, लांबून कुणाला कळणारे?"

कळतं रे! सेकंदकाट्याकडे बघायचं. आजच्या बहुतेक रोलेक्सच्या आतला तोल तासाला २८,८०० वेळा हलतो, म्हणजे सेकंदाला आठ. त्यामुळे काटा सरकत गेल्यासारखा दिसतो. अडीच हजारवाल्याच्या पोटात बहुधा क्वार्ट्झ असतं, ते सेकंदाला एक उडी मारतं. आता क्वार्ट्झ म्हणजे काही हलकी चीज नव्हे हं. आतला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा बघून कुठल्याही सॉफ्टवेअरवाल्याला गाववाला भेटल्याचा आनंद होईल: दोनाचा पंधरावा घात! पंधरा वेळा निम्मं करत गेलं की सेकंदाला बरोब्बर एक ठोका. डिसेंबर १९६९ मध्ये सेइकोने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत निम्मा स्विस धंदा गारद झाला. साधं क्वार्ट्झ महिन्याला पंधरा-वीस सेकंद चुकतं. रोलेक्स स्वतःच्या घड्याळाची हमी देते ती दिवसाला दोन सेकंद पुढेमागे अशी. म्हणजे गंमत बघा, वेळ दाखवण्याच्या मूळ कामात ही नक्कल अस्सलपेक्षा सरस असू शकते, आणि बिचारी नेमकी तीच गोष्ट लपवत बसते. 'डेटोना'च्या स्वस्त नकलांत तर ते तीन छोटे डायल कित्येकदा नुसते शोभेचे असतात. काटे आहेत, पण हलत नाहीत.

त्या मुलाचा पुढचा मुद्दा मात्र बिनतोड वाटावा असा होता. "होस्टेलवर सगळे पायरेटेड सीडी फिरवायचे, तेव्हा कुणाला नाही खुपलं. मग घड्याळातच काय पाप?"

मी यावर बराच विचार केला. पायरसी चांगली होती असं मी म्हणत नाही, पण जात वेगळी आहे. सॉफ्टवेअरची कॉपी ही बिट टू बिट तीच वस्तू असते. ती वापरायला घेतली जायची, कोड लिहायला, शिकायला. "माझ्याकडे ओरिजिनल आहे" असं मिरवायला कुणीही विंडोज कॉपी केलं नाही. घड्याळाचं उलट. इथे वस्तू वेगळीच असते, कॉपी होतं ते फक्त नाव.

मग सगळी नक्कल वाईट का? अजिबात नाही. आपल्या घरोघरी बेंटेक्सच्या बांगड्या आहेत. लोकलने जाताना खरं सोनं घरी ठेवून एक ग्रॅमवालं मंगळसूत्र घालणाऱ्या बाईला कुणी खोटारडी म्हणत नाही. दुकानावर पाटीच असते, 'इमिटेशन ज्वेलरी'. पण त्याच बेंटेक्सवर कुणी ९१६ चा हॉलमार्क ठोकला तर? लोक दुकान फोडतील! नकली घड्याळाच्या डायलवर खाली सहाच्या आकड्यापाशी बारीक अक्षरात 'स्विस मेड' लिहिलेलं असतं, तो हाच हॉलमार्क. २०१७ पासूनच्या स्विस नियमानुसार ते दोन शब्द लिहायला घड्याळाच्या उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमध्ये व्हावा लागतो. माझं भांडण आहे ते त्या दोन शब्दांशी आणि वरच्या मुकुटाशी. तसाच आकार, तसाच निळा-काळा रंग घेऊन स्वतःच्या नावाने विकणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांचं घड्याळ खुशाल घ्या.

माझ्या एका मित्राने वडिलांना रिटायरमेंटला अशीच एक 'सबमरीनर' दिली. ही नक्कल आहे हे त्याला माहीत होतं, काकांना नव्हतं. काका प्रत्येक लग्नात बाही जरा वर करून बसायचे. वर्षभराने घड्याळ बंद पडलं. दोघं दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने मागचं झाकण उघडलं, सेल बघितला. (सबमरीनरमध्ये सेल नसतोच, ती हाताच्या हालचालीवर चालते.) काका कौतुकाने सांगत होते, "मुलाने दिलंय." दुकानदाराने मान वर करून मित्राकडे एकदा बघितलं, नवा सेल घातला, शंभर रुपये घेतले. वाटेत काकांनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या हातात जुनं एचएमटी आहे आणि 'रोलेक्स' कपाटात. त्या घरात हा विषय अजून कुणी काढलेला नाही.

कायद्याचं म्हणाल तर १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात असा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. स्वतःच्या हातात घालायला घेणाऱ्याला जेल नाही, पण परदेशातून मागवलंत तर कस्टम पार्सल अडवू शकतं. आणि बंदच घड्याळ आलं तर तक्रार कुणाकडे करणार? विकणाऱ्याचं अकाउंट तोवर नाव बदलून नव्याने उघडलेलं असतं.

अडीच हजारच घालवायचे असतील तर टायटनचं बरं घड्याळ येतं. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला. नाहीतर कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू घ्या, १९८९ पासून जसंच्या तसं आहे. फक्त ते नीट दुकानातून घ्या, कारण च्यायला त्याचीसुद्धा फर्स्ट कॉपी निघालीय!